तिजोरीची किल्ली

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे ज्ञानाचे दार उघडायला तिजोरीची किल्लीही लागते. त्याच अमेरिकेतली ही पुढची हकिकत.

क्लार्क केर शेतकरी घरातले. १९५८ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, झाले. १९६० साली त्यांच्या पुढाकाराने राज्याने आराखडा केला. वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांना विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्य महाविद्यालय, बाकी सगळ्यांना जवळचे दोन वर्षांचे कॉलेज. राज्यातल्या मुलांना शिकवण्याची फी नाही. खर्च कराच्या पैशातून.

१९६४ साली बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी भाषणस्वातंत्र्यासाठी आंदोलन केले. त्यावर टीका करीत रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये नियामक मंडळाने केर यांना काढून टाकले. १९७० साली फी बसली. आज ती वर्षाला १२,००० डॉलरच्या वर आहे. गरिबाला मदत मिळते, पण ती मागावी लागते.

आम्ही गिरणी कामगार. आमची पोरं सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली. म्हणून बंधू-भगिनींनो, एवढंच सांगणं : चांगला कुलगुरू दार उघडतो, पण ते उघडं ठेवायचं की नाही हे तिजोरी ठरवते. आणि तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती द्यायची, हे आपलं मत ठरवतं. जयभीम!