उंदराचे हृदय, चुंबकाची नजर

चिऱ्यांचा गडगा उपसताना लाल विंचू डसला, तर रत्नागिरीकडच्या घरात आधी दिसतो तो दरदरून घाम, मग उलट्या आणि गार पडलेले हातपाय. खरा घाव हृदयावर असतो. विषामुळे मज्जातंतूंतली सोडियमची दारे उघडी राहतात, ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी साठते.

बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून या दंशाचा पाठपुरावा करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही लक्षणे मांडली आणि १९८६ साली प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर या विषाचा अभ्यास केला. चिपळूणचे डॉ. नातू आणि सहकारी यांनी २०१० साली प्रतिविष आणि प्राझोसिनची तुलना प्रसिद्ध केली.

वेळेत उपचार मिळाले, तर हे दमलेले हृदय बहुधा काही दिवसांत सावरते. प्राण्यामध्ये हे सावरणे पाहायचे कसे? हृदय काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्या घटकेची इजा कळते, पण त्याच हृदयाचा दुसरा दिवस पाहायला मिळत नाही. जिवंत प्राण्याचे हृदय पुनःपुन्हा पाहू देणाऱ्या एमआरआय तंत्राची कुळकथा म्हणूनच कोकणातल्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे.

१९७३ साली अमेरिकेत पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून पाण्याच्या दोन नळ्यांची प्रतिमा मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी जिवंत उंदराच्या छातीची प्रतिमा प्रसिद्ध केली. म्हणजे तंत्राच्या बाळपणीच उंदीर त्यात आला. पण धडधडणारे हृदय त्या काळच्या संथ यंत्राला पकडता येणारे नव्हते.

अडचण वेगाची होती. माणसाचे हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देते, तर प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या उंदराचे पाचशेच्या आसपास. एक ठोका सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागात संपतो आणि अख्खे हृदय ग्रॅमच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे. वाट मोकळी झाली ती १९८५ च्या सुमारास. जर्मनीत ग्योटिंगेन इथे येन्स फ्राम, आक्सेल हासे आणि सहकाऱ्यांनी ‘फ्लॅश’ ही झटपट प्रतिमा घेण्याची रीत शोधली. हासे पुढे वुर्ट्सबुर्गला गेले. तिथल्या गटाने १९९८ साली उंदराच्या डाव्या जवनिकेचे, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचे, वस्तुमान आणि कार्य एमआरआयने मोजून दाखवले. पडताळा साधा होता. नंतर ती जवनिका प्रत्यक्ष तोलली आणि प्रतिमेतून काढलेले वजन तिच्या वजनाशी जुळले.

रीत आजही साधारण तीच आहे. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देतात. अंगाखाली ऊब ठेवतात, कारण शरीर गार पडले की ठोके मंदावतात आणि मोजमाप खोटे ठरते. अंगाला लावलेल्या तारांमधून ईसीजी मिळतो. प्रत्येक ठोक्याच्या खुणेवर यंत्र प्रतिमेचा थोडाच भाग टिपते, श्वासाच्या हालचालीत थांबते आणि असंख्य ठोक्यांतले तुकडे जुळवून एका ठोक्याचा चलत्पट उभा करते. चुंबक रुग्णालयातल्या दीड किंवा तीन टेस्लाऐवजी बहुधा सात किंवा त्याहून अधिक टेस्लाचा असतो. हृदयाच्या टोकापासून बुडापर्यंत सुमारे एक मिलिमीटर जाडीचे छेद घेतात. फुगलेल्या आणि आकसलेल्या जवनिकेचे आकारमान छेदांच्या बेरजेतून निघते आणि दोन्हींच्या फरकातून कळते की दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडले.

त्याच उंदराला आज, उद्या आणि आठवड्याने पाहता येते. तो स्वतःच आपल्या तुलनेचा आधार होतो, म्हणून कमी प्राण्यांत भरवशाचे उत्तर मिळते. प्राण्यांचे हाल कमी करणे हेही संशोधनाचे कर्तव्यच आहे.

विंचूदंशात हृदय कोणत्या तासाला सर्वांत दुबळे होते, औषध उशिरा मिळाले तर किती शक्ती परत येते, बरा दिसणारा स्नायू खरोखर बरा झाला का, हे प्रश्न एकाच हृदयाकडे वारंवार पाहिल्याशिवाय सुटत नाहीत. असे चुंबक महागडे असतात आणि मोठ्या संस्थांमध्येच बसवले जातात. त्यांच्यासमोर कोणता प्रश्न ठेवायचा हे ठरवताना कोकणातल्या दवाखान्यांत साठलेल्या अनुभवाला मानाची जागा मिळाली पाहिजे.