डफडे, पॅड आणि रस्ता

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार आणि खडी गंमत हा तिचा प्राण. शाहीर समोरासमोर ठाकतात, सवाल-जवाब झडतात, नाच्या पायांनी बाजी राखतो. या चढाओढीचे कौतुक पुष्कळ झाले. माझा प्रश्न वेगळा आहे : गावगाड्यात ताल धरणारे हात कोणाचे होते?

ते गावकुसाबाहेरचे होते. पोळा असो की लग्न, डफडे आमच्या माणसाने वाजवायचे आणि मान वाजवून घेणाऱ्याने मिरवायचा. ती वेठ होती. म्हणूनच १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांतील आमच्या वडीलधाऱ्यांनी डफडे खाली ठेवले ते कायमचे. त्या नकारात आमची अस्मिता जन्मली. पण वेठीबरोबर हातातला ठेकाही गेला.

पुढे यंत्र आले. १९८५ साली रोलँड या जपानी कंपनीने ऑक्टोपॅड काढला. रबराचे आठ चौकोन. काडी मारावी तो आवाज निघावा. त्यात कातडे नाही, म्हणून विटाळ नाही! ढोल-ताशाला पॅड, कीबोर्ड आणि गाडीवर रचलेले भोंगे जोडून विदर्भातला आजचा धुमाल घडला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमची पोरे याच तालांवर रस्ता व्यापतात.

असेच अन्यत्रही घडले. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली जमैकात जन्मलेला कूल हर्क दोन तबकड्यांवरून गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा लांबवू लागला आणि त्यावर काळी पोरे समोरासमोर नाचू लागली. तिथे टोळ्यांतले वैर काही अंशी नाचात उतरले. त्याच्या आदल्याच वर्षी इकडे दलित पँथर जन्मली होती. आम्ही काळ्यांचा संताप वाचला. त्यांचा नाच पाहिला नाही.

आज एका वस्तीचे भोंगे दुसऱ्या वस्तीच्या भोंग्यांवर मात करू पाहतात. ही बाजी कोणाविरुद्ध? यंत्राने कातड्याचा विटाळ पुसला, माणसाच्या मनातला नाही. याच जिल्ह्यातील खैरलांजीने २००६ साली ते रक्ताने सिद्ध केले. आमच्या पोरांनी जरूर नाचावे. पण वाडवडिलांचे ठेके जाणत्या म्हाताऱ्यांकडून मागून घ्यावेत आणि पॅडवर चढवावेत. वेठ म्हणून जे टाकले, ते वारसा म्हणून उचलण्यात कमीपणा नाही. आता आपल्याला वाजवायला लावणारा पाटील नाही. आपण आपल्यासाठी वाजवायचे आहे.