निंबोळीची साक्ष

१० मे २००० रोजी म्युनिक येथे युरोपीय पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलावरील एक पेटंट रद्द केले. ही घटना आपल्याकडे ज्या रीतीने सांगितली गेली, आणि आजही व्याख्यानांतून व विद्यार्थ्यांच्या निबंधांतून सांगितली जाते, ती साधारणपणे अशी : परदेशी कंपनीने आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान पळवले, आपण तिच्यासमोर हजारो वर्षांची परंपरा उभी केली, आणि परंपरा जिंकली. कथा म्हणून ही मांडणी आकर्षक आहे. इतिहास म्हणून मात्र ती अपुरी पडते. ती जिथे अपुरी पडते ती जागा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे, कारण तिथे प्रश्न वनस्पतीचा उरत नाही. ज्ञान कशाला म्हणावे आणि त्याचा पुरावा कोणता मानावा, असा तो प्रश्न होतो.

प्रथम घटना पाहू. अमेरिकेचे कृषिखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ मध्ये हे युरोपीय पेटंट मिळाले. निंबोळीच्या बियांतून विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचा बंदोबस्त करण्याची पद्धत, हा त्याचा विषय. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्याला हरकत घेतली. सुनावणीत अनेक प्रकारचे पुरावे आले. पण ज्या साक्षीने पारडे फिरले, ती एखाद्या प्राचीन पोथीची नव्हती. पुण्यातील एका उद्योजकाने १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समक्ष निंबोळीच्या अर्काचे प्रयोग केले होते. त्यांची ती साक्ष होती. पेटंटसाठी अर्ज होण्याच्या काही वर्षे आधीच ही पद्धत चारचौघांत वापरली गेली होती, हे त्यातून दिसले. पेटंटधारकांनी अपील केले. ते ८ मार्च २००५ रोजी फेटाळण्यात आले.

सहस्रावधी वर्षांच्या वहिवाटीपेक्षा दोन उन्हाळ्यांची नोंद अधिक वजनदार ठरावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यात विपरीत काही नाही. कायदा विचारतो : कोणी केले, केव्हा केले, कोठे केले, कोणत्या कृतीने केले आणि ते कोणासमोर उघड झाले? धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणारी बाई या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर देऊ शकत नाही. ती सांगेल, ‘आमच्यात असंच करतात.’ जात्यावरच्या ओव्यांचे संकलन ज्यांनी केले आहे, त्यांना हे उत्तर परिचयाचे वाटेल. ओवी कोणाची, कोणत्या काळातली, असे विचारले की गाणारी नेमके हेच सांगते. अनामिकता आणि कालातीतता ही आपण लोकसाहित्याची लक्षणे म्हणून वर्गात शिकवतो, त्यांचे सौंदर्यही उलगडून दाखवतो. पेटंटच्या कचेरीत हीच लक्षणे लोकज्ञानाचे वैगुण्य ठरतात. ज्याला कर्ता नाही आणि तारीख नाही, ते सर्वांचे असते; आणि जे सर्वांचे आहे, त्याच्या वतीने साक्ष द्यायला कोणी एक जण उभा राहत नाही.

हळदीचे प्रकरण याच्या शेजारी ठेवले म्हणजे चित्र पुरे होते. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तिथे जिंकले ते कागद. परिषदेने बत्तीस लिखित संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत व उर्दू ग्रंथ होते आणि १९५३ सालचा, भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. याला कारण अमेरिकेचा तेव्हाचा कायदा. त्या देशात एखाद्या गोष्टीचा नुसता वापर चालू असेल तरी तो पूर्वज्ञानाचा पुरावा मानला जाई. परदेशातील वापर मात्र छापून प्रसिद्ध झालेला असेल तरच. म्हणजे भारतातल्या घराघरांत खरचटल्यावर दाबली जाणारी हळद त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. हळदीवरचा लेख मात्र होता. हा भेद अमेरिकेने २०११ च्या सुधारणेने काढून टाकला आणि ती सुधारणा २०१३ पासून लागू झाली. तोवर मौखिक आणि मुद्रित यांच्यातला उच्चनीचभाव हा केवळ सांस्कृतिक पूर्वग्रह नव्हता, तो कायद्याचे कलम होता.

हा भाव एकाएकी जन्मलेला नाही. त्याचा उगम शोधताना आपल्याला आपल्याच किनाऱ्यावर यावे लागते. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापला गेला. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात असे आणि तिथल्या हकिमांशी चर्चा करीत असे. त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरे देतो. साहित्याच्या वाचकाने या रूपबंधाकडे लक्ष द्यावे : बोलणारे मुख्यतः दोनच आहेत, आणि दोघेही युरोपीय. अंगणातून झाडपाला आणून देणारी अंतोनिया ही दासी ग्रंथात आहे. स्थानिक वैद्यही अधूनमधून डोकावतात. पण ज्यांच्या तोंडून ही माहिती मुळात आली, त्यांचा आवाज ओर्ताच्या आवाजात विरून जातो. ओर्ताचे स्वतःचे दैवही असेच विलक्षण. तो मूळचा ज्यू, म्हणून त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र लॅटिन संक्षेपाच्या रूपाने युरोपभर वाचला गेला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १६७८ ते १६९३ या काळात, अॅमस्टरडॅमहून ‘हॉर्तुस मलबारिकुस’चे बारा खंड निघाले. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ते सिद्ध करवले. येथे एक महत्त्वाचा फरक दिसतो. इट्टी अच्युदन हा केरळचा वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण यांची प्रमाणपत्रे पहिल्या खंडात त्यांच्या लिपींसह छापली आहेत. तिघा पंडितांचे १६७५ सालचे निवेदन नागरी लिपीतील कोकणीत आहे. ज्ञान कोणाकडून घेतले हे सांगण्याची ही प्रथा पुढे टिकली असती, तर म्युनिकमधल्या खटल्याचे स्वरूप कदाचित वेगळे झाले असते. पण शास्त्र जसजसे प्रयोगशाळेत गेले, तसतशी साक्षीदारांची नावे गळत गेली.

नावे गळाली तरी शब्द मागे राहिले, हीही या इतिहासातली एक गंमत आहे. सलीमुज्जमा सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये निंबाच्या तेलातून जे घटक वेगळे केले, त्यांतल्या एकाला ‘निंबिन’ असे नाव दिले. त्याआधी, १९३१ मध्ये, सर्पगंधेतून मिळालेल्या द्रव्याला त्यांनी आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ म्हटले होते. निंबोळीतल्या सर्वांत प्रभावी कीडरोधकाचे नाव ‘अझाडिरॅक्टिन’. ते ‘आझाद दरख्त’, म्हणजे मुक्त वृक्ष, या फारसी नावावरून वनस्पतिशास्त्रात आणि तिथून रसायनशास्त्रात आले. ज्या झाडाच्या नावातच मुक्तता आहे, त्याच्यावर मालकी सांगितली जावी, यातला उपरोध कोणी मुद्दाम रचलेला नाही.

या द्रव्याचा शोधही निरीक्षणातूनच लागत गेला. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली असता कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिल्याचे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीचा अर्क पिकांवर फवारला; टोळ बसले, पण त्यांनी पिकाला तोंड लावले नाही. १९६८ मध्ये इंग्लंडात अझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले आणि केंब्रिजच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या घडवायला बावीस वर्षांच्या खटपटीनंतर २००७ साल उजाडावे लागले. ते किडीची भूक मारते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. उन्हात मात्र ते लवकर नासते. म्हणून शेतकरी निंबोळी अर्क ताजा करून संध्याकाळी फवारतो. बाटलीत महिनोन्‌महिने टिकणारा अर्क तयार करणे हे काम खरोखरच नवे होते, आणि त्यावरची अमेरिकी पेटंटे म्युनिकच्या निर्णयाने रद्द झालेली नाहीत. ‘सगळे आपलेच होते’ हे विधान म्हणून जपून करावे.

परंपरेविषयी बोलतानाही हीच जपणूक हवी. आज महाराष्ट्रात दशपर्णी अर्काचा उल्लेख ‘पारंपरिक’ म्हणून सर्रास होतो. त्यात कडुनिंब, करंज, निर्गुडी ही आपली झाडे आहेत. पण पपई आणि सीताफळही आहे, आणि ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेली. म्हणजे लोकज्ञान गोठलेले नाही. आलेल्या पाहुण्याची पारख करून ते त्यालाही कामाला लावते. तसेच, झाडाचे म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. निंबाचे तेल पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पाला धान्यात घालावा, तेल बाळाला पाजू नये, हा विवेकही ज्ञानाचाच भाग आहे. ‘प्राचीन’ या एका विशेषणाने तो पुसला जातो.

मग आपल्या हाती काय उरते? हळदीच्या आणि निंबाच्या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभा राहू लागला. त्याचा आधार संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांचा. काम मोठेच आहे. पण ते ग्रंथांचे आहे. ग्रंथात न आलेल्या गोष्टींसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली. ही नोंदवही वनस्पतिशास्त्राचे काम समजली जाते. वास्तविक ती अर्धी भाषेचे काम आहे. एकाच झाडाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात, एकच नाव दोन झाडांना असते, आणि ‘थोडा पाला’, ‘चांगली वाळवून’ यांचे नेमके माप बोलीतच दडलेले असते. ते उकलणारा माणूस शब्दाचा अभ्यासक असावा लागतो. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आपल्या कोशात वनस्पतींची मराठी नावे टिपली, तेव्हा त्याच्यासमोर पेटंटचा प्रश्न नव्हता. तरी आज ती नोंद दिनांकित पुरावा आहे.

आपल्या विभागांतून दर वर्षी लोकसाहित्याचे प्रकल्प होतात. गीते उतरवून घेतली जातात, आशय आणि अलंकार यांची चर्चा होते. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख, आणि ती कणगीत कोणता पाला किती घालते व तो केव्हा बदलते, हे चार रकाने त्या वहीत वाढवायला फारसे कष्ट पडणार नाहीत. तिला तिच्या ज्ञानाची कर्ती म्हणून उभे करण्याचा, आणि तेही तिच्या संमतीने, एवढाच मार्ग सध्या आपल्या हाती आहे. पुण्या-सांगलीच्या दोन उन्हाळ्यांची हकीगत कोणी तरी सांगू शकले, म्हणून ती म्युनिकमध्ये ऐकली गेली. बाकीचे असंख्य उन्हाळे कोणी लिहूनच ठेवलेले नाहीत.