कॅलिबर, पिस्तुलाचा
बंदुकीच्या नळीचा अंतर्व्यास म्हणजे कॅलिबर. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा कॅलिबर मोठा असावा की लहान, हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शस्त्रशौकिनांचा जुना वाद असून त्याचे मूळ १८९९ नंतरच्या फिलिपीन्समधील लढायांत आहे. ०·३८ इंची रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही मोरो लढवय्ये चाल करून येतात, अशा तक्रारी तेथून आल्या. तेव्हा १९०४ मध्ये सेनाधिकारी जॉन टी. टॉमसन व लष्करी शल्यचिकित्सक लुई लागार्ड यांनी मानवी शवांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यातील जिवंत गुरांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. जनावरे थोडी व निष्कर्ष विसंगत होते. तरीही कॅलिबर ०·४५ इंचाहून कमी नसावा, अशी शिफारस झाली. अचूक नेमबाजीचा अखंड सराव हवा, हे त्यांचे दुसरे आणि अधिक मोलाचे मत मात्र मागे पडले. जॉन ब्राउनिंगने आराखडलेले ०·४५ इंची पिस्तूल सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. १९८५ मध्ये त्याच्या जागी ९ मिमी. पिस्तुलाची निवड झाली.

२००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. घरात मात्र कॅलिबरइतकाच भिंतीचा प्रश्न असतो. तेथील बहुतेक घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. ९ मिमी. वा ०·४५ इंची, कोणतीही चुकलेली गोळी त्या भेदून शेजारच्या खोलीतील माणसाला लागू शकते. यासाठी शॉटगन सुचविली जाते. पण तिचे जाड छरेही अशा भिंतींतून पार जातात.