घाबरून घेतलेलं घर

परवा ट्रंक आवरताना आजोबांच्या भाडेपावत्या सापडल्या. गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या, महिना 11 रुपये. सगळ्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. शेवटची पावती मार्च 1942 ची आहे. त्यानंतर काही नाही. आमच्या घरात त्या पावत्यांबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं, पण 2020 साली रत्नागिरीचं घर विकायचं की नाही यावरून जी काही खडाजंगी झाली तिचं मूळ या शेवटच्या पावतीत आहे, असं आता वाटतं. म्हणून लिहायला बसले.

आधी 2020 चं सांगते. रत्नागिरीला खालच्या आळीत आमचं घर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि आठ-दहा पोफळी. बाबा गेल्यापासून बंदच. मे महिन्यात आणि गणपतीत उघडायचं, बाकी वर्षभर वाळवीचं राज्य. टाळेबंदीत दादाची ठाण्याच्या मोठ्या फ्लॅटची जुनी इच्छा उचल खाऊ लागली, कारण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत दोन मुलांची ऑनलाइन शाळा आणि नवरा-बायकोचं ऑफिस बसत नव्हतं. त्यात 3 जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक आख्खं जहाज येऊन अडकलं, आणि आमच्या घराची मागच्या बाजूची कौलं उडाली. शेजाऱ्यांनी फोटो पाठवला. दादा म्हणाला, "बस झालं. काढून टाकू."

गिऱ्हाईक आलं, पण वर्षभरापूर्वी जो आकडा ऐकू येत होता त्याच्या जेमतेम निम्मा त्याने सांगितला. वर "आत्ता कोण घेतंय" हे ऐकवलंच. मंदीत हे वाक्य फुकट मिळतं. दुसरीकडे सरकारने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर 2020 तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च 2021 पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं. गृहकर्जाचे दर 7 टक्क्यांच्या आत आले. म्हणजे घेणाऱ्याला सोन्यासारखी वेळ आणि विकणाऱ्याला मातीमोल. आणि आम्ही एकाच वेळी दोन्ही होतो.

घर आजोबांच्या कमाईचं. त्यांच्यामागे निम्मं बाबांकडून आई, दादा आणि माझ्याकडे आलेलं आणि निम्मं आत्याचं. प्रॉपर्टी कार्डावर तिचं नाव आहे. आत्या तेव्हा 86 वर्षांची, रत्नागिरीतच दिलेली. दादाने फोन करून विचारलं, तेव्हा तिने आधी आम्हाला 1942 ची गोष्ट सांगितली. ती आम्ही कोणीच नीट ऐकलेली नव्हती.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, 8 मार्चला रंगून. रत्नागिरीकरांना ब्रह्मदेश हा काही नुसता नकाशातला देश नव्हता. त्या देशाचा राजा थिबा 1886 पासून 1916 साली मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता, त्याला पाहिलेली माणसं आळीत होती. एप्रिलमध्ये कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले. पुढचा नंबर मुंबईचा, असं सगळ्यांनी धरलं होतं. लोक बायकापोरांना घेऊन गावाकडे निघाले. जुन्या दादरकरांच्या आठवणींत 'टु लेट'च्या पाट्या हमखास येतात, त्या तिसाच्या दशकातल्याही आणि या पळापळीतल्याही. भाडेकरू मिळावा म्हणून मालक पहिल्या महिन्याचं भाडं सोडायला तयार असत. आज शिवाजी पार्कवरून जाताना हे खरं वाटत नाही.

आजोबा एका पेढीवर कारकून. रंगून पडल्याची बातमी आली त्याच महिन्यात त्यांनी खोल्या सोडल्या. बोटीने रत्नागिरी, पडावातून किनाऱ्याला. आत्या आठ वर्षांची होती, पडावात तिची एक चप्पल समुद्रात पडली, एवढं तिला लख्ख आठवतं. इकडे मुंबईची माणसं एकदम आल्यामुळे गावात बिऱ्हाडाला जागा मिळेना. दोन महिने नातेवाइकांच्या पडवीत काढल्यावर आजोबांनी साठवलेले पैसे आणि आजीच्या पाटल्या घालून हे घर विकत घेतलं. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे चांगलंच महाग, कारण मालकाला माहीत होतं की यांना घाई आहे.

म्हणजे पाहा, मुंबईत जागा स्वस्त झाली तेव्हा आमच्या आजोबांनी ती सोडली, आणि रत्नागिरीत महाग झाली तेव्हा घेतली.

मुंबईवर जपानी बाँब पडलाच नाही. पुढच्या वर्षी आजोबा पेढीवर परतले, तर खोल्यांत दुसरं बिऱ्हाड. युद्धाच्या कामांमुळे शहरात माणसांचा लोंढा लागलेला. 14 एप्रिल 1944 ला गोदीत स्फोट झाला, हजारो लोक बेघर झाले. 1947 ला फाळणी आली, सिंधमधून निर्वासित आले. त्याच वर्षीच्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. ज्याच्या हातात खोली होती तो तरला. आजोबांच्या हातात असती तर 11 रुपयांचं भाडं पुढची कित्येक वर्षं फारसं हललं नसतं. नव्याने खोली घ्यायची तर पागडी, आणि पागडीचे पैसे रत्नागिरीच्या भिंतीत. मग आजोबा लांबच्या भावाच्या खोलीत एक वळकटी ठेवून राहिले, जेवायला खानावळ. आजी आणि मुलं रत्नागिरीत. असं निवृत्तीपर्यंत, सोळा वर्षं. बाबांना त्यांचे वडील कळले ते फक्त मे महिन्यात आणि गणपतीत.

आजोबांना मूर्ख म्हणावं असं मला अजिबात वाटत नाही. त्या मार्चमध्ये रोजचं वर्तमानपत्र वाचणारा कोणीही बाप तेच करता. पण या गोष्टीतून आमच्या घराने जो धडा घेतला तो मात्र तपासून पाहायला हवा. धडा असा की हातातली जागा कधीही सोडायची नाही आणि मिळेल तेव्हा घेऊन ठेवायची, कारण भाव वरच जातात.

ते खरं नाही. मुंबईला हे 1865 सालीच कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा पैसा शहरात ओतला, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या 5,000 च्या शेअरची किंमत 50,000 वर गेली. युद्ध संपलं आणि भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. आमच्या काकांना ते 1995 नंतर कळलं. घरचा धडा प्रमाण मानून त्यांनी भाव ऐन शिखरावर असताना जागा घेतली, 16 टक्क्यांच्या वर व्याजाने. त्यानंतर जवळजवळ 2003 पर्यंत मुंबईचे भाव घसरत किंवा पडून राहिले. काकांनी आठ वर्षं हप्ते भरले ते घेतल्यापेक्षा स्वस्त झालेल्या घराचे. काकूने त्या काळात नवी साडी घेतली नाही.

आणि रत्नागिरीची मंदी तर मुंबईचं ऐकतच नाही. इथले भाव बातमीवर चढतात. रेल्वे येणार म्हणून चढले, ती 1998 ला आलीही. पण एन्रॉनची वीज 1999 ला सुरू झाली आणि 2001 ला बंद. नाणारची रिफायनरी 2019 ला रद्द. प्रकल्प गेला की भाडेकरू जातो, आणि जागा घेऊन ठेवलेला माणूस सातबारा बघत बसतो.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "विकायला माझी ना नाही. सही करीन. पण बाबांनी हे घाबरून घेतलं होतं, तुम्ही घाबरून विकू नका."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. गोल आकडे सांगते. दादाची डोंबिवलीची जागा आधी 40 लाखांची, ठाण्याची 90 ची. मधलं अंतर 50. दोन्ही दहा टक्के पडल्या तर 36 आणि 81, अंतर 45. वर 81 लाखांवर तीन टक्के मुद्रांक वाचले, ते सुमारे अडीच लाख. म्हणजे लहान विकून मोठं घेणाऱ्याला मंदी उपयोगी, जरी विकताना पोटात कालवलं तरी. रत्नागिरीचं गणित वेगळं होतं. त्यावर कर्ज नाही, घरपट्टी किरकोळ, कौलं शाकारायला काही हजार. ते निम्म्याने विकून टाकावं असं कारण एकच होतं, आम्हाला वाटलेली भीती. दादाची नोकरी शाबूत होती म्हणून थांबणं परवडलं हेही खरं. नसती, तर हाच सल्ला निव्वळ शहाणपणा झाला असता.

दादाने डोंबिवली विकून, थोडं कर्ज काढून ठाण्याला तयार इमारतीत, भोगवटा प्रमाणपत्र बघून फ्लॅट घेतला. रत्नागिरीला कौलं शाकारली.

आणि 2022 च्या डिसेंबरात आम्ही ते घर विकलं. हो, विकलंच. बाजार सावरला होता, घेणारं कुटुंब आळीतलंच, राहायला घेणारं. आम्हीच सांगितलेल्या आकड्याच्या जवळ सौदा झाला. निम्मे पैसे आत्याच्या खात्यात गेले, हक्कसोडपत्राचं कोणी नावही काढलं नाही. थांबलो असतो तर आणखी मिळाले असते का? असतीलही. पण त्या पडवीत आता संध्याकाळी दिवा असतो.

किल्ली देताना आत्या आली होती. विहिरीत डोकावली, पोफळी मोजल्या, आणि म्हणाली, "चला, उन्हं कलली." मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ते आलं परवा, मार्चच्या पावतीनंतर एप्रिलची शोधताना.