कॉफी : मूठभर बियांचे पीक

मार्च-एप्रिलच्या सुमारास कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरात वळवाच्या सरी पडून गेल्या, की आठ-दहा दिवसांत कॉफीचे मळे पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जातात. फुलांना जाईची आठवण करून देणारा सुगंध असतो. हा बहर जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. मात्र वर्षाचे पीक त्यावरच ठरत असल्याने मळेवाल्यांचे डोळे या सरींकडे लागलेले असतात.

कॉफी हे रुबिएसी कुळातील सदाहरित झुडूप. कदंब, मंजिष्ठा, बारतोंडी आणि क्विनाईन देणारी सिंकोना हे तिचे नातलग. पाने समोरासमोर, गर्द हिरवी, तकतकीत व लहरी कडांची असतात. फळे पिकल्यावर लालभडक होतात. गोडसर गराच्या आत दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून असतात. क्वचित एकच बी वाढते आणि ती वाटाण्यासारखी गोल होते. व्यापारात तिला ‘पीबेरी’ म्हणतात. बियांना ‘बीन्स’ म्हणण्याची रूढी असली, तरी शेंगवर्गीय वनस्पतींशी कॉफीचा काहीही संबंध नाही.

कॉफियाच्या सव्वाशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. व्यापार चालतो तो मुख्यतः दोहोंवर. अरॅबिकाला उंच, थंड हवा मानवते. तिची चव सौम्य व सुगंधी. रोबस्टा सखल, उष्ण भागातही तग धरते. तिच्यात कॅफीनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आणि चवीत कडवटपणा अधिक. या दोघी केवळ बहिणी नव्हेत. रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून अरॅबिका जन्मली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही घटना सुमारे सहा लाख वर्षांपूर्वीची असावी. इतर जातींत २२ गुणसूत्रे असतात, अरॅबिकात ४४. शिवाय तिचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. त्यामुळे एका रोपापासून अख्खा मळा उभा राहू शकतो, आणि कॉफीच्या इतिहासात तसेच घडत गेले.

तिचे मूळ घर नैऋत्य इथिओपियातील डोंगरी जंगले. लाल समुद्रापलीकडे यमेनमध्ये पंधराव्या शतकात सूफी साधक रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी हे पेय घेत. मोखा बंदरातून ते जगभर पोचले. यमेनमधून उगवणक्षम बी बाहेर जाऊ नये अशी दक्षता घेतली जाई. तरीही सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डचांनी मलबारमार्गे रोपे जावाला नेली. जावातील एक रोप १७०६ साली ॲमस्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात आले, १७१४ मध्ये त्याच्या वंशातले एक फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले, आणि तेथून हा वंश कॅरिबियन बेटांवर व पुढे अमेरिका खंडात पसरला. लक्षावधी हेक्टरांवरील मळे अशा बोटांवर मोजता येतील इतक्या रोपांची संतती आहेत.

याची किंमत पहिल्यांदा मोजली ती सिलोनने. १८६९ मध्ये तेथे तांबेरा दिसला. पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी पूड धरते, पाने गळतात, झाड फळ धरेनासे होते. सगळी झाडे सारखीच असल्याने सगळीच बळी पडली. दोन दशकांत कॉफीची जागा चहाने घेतली. ‘सिलोनचा चहा’ ही ख्याती खरे तर एका बुरशीची देणगी म्हणावी लागेल. हा रोग १९७० मध्ये ब्राझीलला पोचला आणि २०१२ नंतर मध्य अमेरिकेत त्याने हाहाकार माजवला.

जावातील मळेवाल्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काँगोतील रोबस्टाचा आश्रय घेतला. भारताच्या उत्पादनातही आता सुमारे ७० टक्के वाटा तिचाच आहे. अरॅबिका टिकवण्याचा प्रयत्न कर्नाटकातील बाळेहोन्नूर येथे १९२५ पासून चालू आहे. १९४० च्या दशकात तेथून आलेला ‘एस. ७९५’ हा वाण आजही लावला जातो आणि २००७ मध्ये ‘चंद्रगिरी’ची भर पडली. तथापि बुरशी नवी रूपे घेते, आणि आज दाद न देणारा वाण उद्या तसाच राहील याची शाश्वती नसते. महाराष्ट्रात चिखलदऱ्याच्या थंड हवेत थोडी कॉफी होते, एवढेच.

उपयोगांत पेय अर्थातच पहिले. हिरव्या बियांना फारसा गंध नसतो; सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर सुगंध निर्माण होतो. दक्षिणेत तीत चिकोरीच्या मुळांची पूड मिसळतात, मराठी घरांत जायफळ. यमेनमध्ये फळाच्या वाळलेल्या टरफलांचा ‘किश्र’ हा काढा पितात. कॅफीनविरहित कॉफी बनवताना निघालेले कॅफीन औषधांत व शीतपेयांत जाते, तर गराचे खत होते.

ज्या विविधतेची मळ्यांना उणीव आहे, ती रानात आहे. पण रान घटते आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कॉफीच्या १२४ रानटी जातींपैकी ७५ नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या. रानटी अरॅबिकाही त्यांत आहे. सिएरा लिओनमधील स्टेनोफिला ही जात तर तेथील रानातून लुप्त झाली, असेच मानले जात होते. २०१८ मध्ये तिची मोजकी झाडे सापडली. २०२१ मध्ये जाणकारांनी चव घेतली, तेव्हा ती अरॅबिकाच्या तोडीची ठरली. आणि अरॅबिकाहून कितीतरी अधिक उष्ण हवेत ती वाढते.