आयांवरचा आरोप

१९५६ साली अमेरिकेत बर्नार्ड आणि ग्लोरिया रिमलँड यांना मुलगा झाला, मार्क. तो सतत किंचाळायचा, जवळ घेऊ द्यायचा नाही. बर्नार्ड सॅन डिएगोला नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, तरी ‘ऑटिझम’ (स्वमग्नता) हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. ग्लोरियाला कॉलेजच्या पुस्तकातलं एक वर्णन अंधुक आठवलं. गॅरेजमधली जुनी खोकी उपसल्यावर ते पान सापडलं, आणि त्यावर हुबेहूब मार्क होता.

लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचं वर्णन केलं होतं. पुढे डॉक्टरांनी कारण आईत शोधलं: तिची माया फ्रिजसारखी थंड, म्हणून मूल मिटतं. माझ्या मुलाला स्वमग्नता आहे हे कळलं, तेव्हा घरच्याच माणसांनी मला विचारलं, “लहानपणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाहीस का गं?” म्हणून रिमलँड यांचं काम मला तटस्थपणे वाचता येत नाही.

नोकरी सांभाळून त्यांनी मिळेल तो शोधनिबंध वाचला. १९६४मध्ये ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हे त्यांचं पुस्तक आलं, प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. त्यातला युक्तिवाद असा: याच आयांची बाकीची मुलं बहुधा ठीक असतात. लक्षणं अगदी तान्हेपणापासून दिसतात. मुलींपेक्षा मुलगे तिप्पट-चौपट. एकसारखी जुळी असली तर बहुधा दोघंही तशीच. मग आईच्या वागण्यात दोष कसा? त्यांनी मेंदूच्या खोडातल्या एका जाळीदार भागावर बोट ठेवलं. ते टिकलं नाही. पण शोध मेंदूकडे वळला तो वळलाच.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुस्तकाच्या शेवटी छापलेली प्रश्नावली. पालक ती भरून रिमलँड यांना पोस्टाने पाठवू लागले. ज्या आया आरोपी होत्या, त्यांचीच निरीक्षणं संशोधनाच्या कामी आली.

मी जीवशास्त्र शिकवते. सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांचा जुळ्यांवरचा १९७७चा अभ्यास वर्गात हमखास सांगते. २१ जुळ्यांच्या जोड्या. ११ एकसारख्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम, १० वेगळ्या जुळ्यांत अशी एकही जोडी नाही. आनुवंशिकतेचा हा भक्कम पुरावा होता.

रिमलँड मात्र पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांच्या मागे लागले, आणि शेवटच्या वर्षांत लसींमधल्या पाऱ्याला दोष देऊ लागले. मोठमोठ्या अभ्यासांत तो दावा खोटा ठरला. आयांची बाजू घेताना पुरावा मागणाऱ्या माणसाने इथे तो सोडावा, याचा मला राग येतो. आमच्या पालकगटातही लसीची भीती डोकावते. तेव्हा मी १९६४चे रिमलँड आवर्जून सांगते, आणि लस चुकवू नका हेही.